जंतू कुठून आला

रविवार, २ मार्च

सूनबाई,

तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून मिळवला. ती देत नव्हती. तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या दारात ठाण मांडून उभी राहिले, शेजारचे डोकवायला लागले, तेव्हा कुठे तिने कागदावर लिहून दिला. तू फोन नंबर बदललास त्याला कारण होतं, ते मला मान्य आहे. म्हणून फोन नाही, पत्र. वाचायचं की न उघडता फेकायचं, ते तुझ्या हातात.

चिरंजीव हॉस्पिटलात आहेत. काळजीचं काही नाही. बरेच दिवस अंगात कसकस होती. संध्याकाळी ताप चढायचा, सकाळी घाम येऊन उतरायचा. पँट पट्ट्याशिवाय कमरेवर थांबेना. मी म्हटलं, कामाचा शीण असेल. त्याला लिफ्ट दुरुस्तीचं काम परत मिळालं होतं, हे तुझ्या कानावर आलं असेल किंवा नसेल. पाठीला इजा झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी त्याला हत्यारांची पेटी हातात दिली होती. शुक्रवारी एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे जिना चढताना धाप लागली आणि तो पायरीवरच बसला. सोबतच्या मेकॅनिकने गाडीत घालून आणलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले, तेव्हाच मला कळलं की नुसता ताप नाही. मग हृदयाची सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूच्या झडपेवर जंतूंनी घर केलंय. पडद्यावर मला दाखवलं. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी झडपेला लोंबत होतं आणि प्रत्येक ठोक्याला फडफडत होतं. तो तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर काय, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

रक्त बाटल्यांत भरून लॅबमध्ये पाठवलंय. कुठला जंतू आहे ते कळेपर्यंत सगळ्याच जंतूंवर चालतील अशी तीन औषधं शिरेतून चालू आहेत. त्यातल्या दोन औषधांचं एकत्र जमत नाही, किडनीला त्रास होतो म्हणे. पण थांबायला वेळ नाही.

भरती करून घेणाऱ्या डॉक्टरने विचारलं, नशेची सुई कधी घेतली होती का. त्याने स्वतःच सांगितलं, घेत होतो, आता सोडलीय. त्यानंतर जो येतो तो आधी त्याच्या दंडाकडे बघतो आणि मग तोंडाकडे. मी काही बघितलं नाही. काही विचारलंही नाही. आईने सगळंच विचारायचं नसतं.

ठकीला यातलं काही सांगू नकोस. किंवा सांग. मला आता अशा गोष्टी सुचत नाहीत.

तिची आजी

मंगळवार, ४ मार्च

सूनबाई,

आधीचं पत्र तुला मिळालं नसेल इतक्यात, पण हे लिहिल्याशिवाय मला बसवत नाही.

लॅबच्या डॉक्टरबाई आज स्वतः वर वॉर्डात आल्या. बारीक चणीच्या आहेत, केसांत पेन खोचलेलं, आणि चालतात अशा की मागे कुणी लागलंय. बाटल्या एका उबदार यंत्रात ठेवतात आणि आत जंतू वाढले की यंत्र ओरडतं, असं त्यांनी मला सांगितलं. पूर्वी त्यापुढे ते जंतू ताटलीत वाढवून ओळख पटेपर्यंत दोन-तीन दिवस जायचे. आता बाटलीतला थेंब थेट दुसऱ्या एका यंत्रात घालतात आणि कॅन्टीनमध्ये चहा पिऊन येईपर्यंत नाव हातात येतं.

नाव लांबलचक आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. पण नशेच्या सुया घेणाऱ्यांच्या हृदयात बहुतेकदा जो सापडतो, तो हा नव्हे. तो कातडीवरचा असतो. हा तोंडातला आहे, दातांच्या मुळाशी राहणारा.

सूनबाई, दाताचा जंतू आहे.

मग कॉरिडॉरमध्ये त्यांची आणि हृदयाच्या डॉक्टरांची जुंपली. आवाज चढले नाहीत, पण दोघंही जागचे हलेनात. हृदयाचे डॉक्टर म्हणत होते, इतक्या आजारी माणसाची औषधं मी एका कागदाच्या भरवशावर कशी काढू. बाई म्हणाल्या, काढू नका, नेमकं करा. किडनीचा आकडा रोज चढतोय, तो माझ्या कागदापेक्षा मोठा आहे. शेवटी असं ठरलं की किडनीला नडणारं एक औषध आजच बंद करायचं, आणि दाताच्या जंतूवर चालणारं चालू करायचं. उरलेलं, हा जंतू त्या औषधाला खरंच मरतो का ते बघून. ती चाचणी उद्यापर्यंत.

मी दाढेबद्दल विचारलं त्याला. उजवीकडची तुटलीय, थंडीच्या आधीपासून. तो डावीकडून चावत होता आणि मी एका टेबलावर समोर बसून जेवत होते, माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांच्या डोळ्यांना चष्मे बसवण्यात माझा जन्म गेला. दातांच्या डॉक्टरकडे का गेला नाहीस, तर म्हणाला, ते दुखण्याच्या गोळ्या देतात. त्या हातात आल्या असत्या तर मी कुठे थांबलो असतो ते मला माहीत नव्हतं.

कळतंय का तुला? सोडलं होतं म्हणून तो दाढ घेऊन बसला, आणि दाढेनेच त्याला इथे आणलं.

आधीच्या पत्रात मी लिहिलं की मी काही बघितलं नाही. बघितलं. त्याला ग्लानी होती तेव्हा दोन्ही बाह्या वर करून बघितलं, मांड्या बघितल्या, पायाच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा. नवीन काही दिसलं नाही, तरी माझा विश्वास बसला नव्हता. आज बसला.

बुधवारी सकाळी: निकाल आला. जंतू साध्या औषधाला मरतो. बाकीची दोन्ही बंद झाली. सलाईनच्या स्टँडवर आता एकच पिशवी आहे.

ठकीला घेऊन ये. मी एरवी मागितलं नसतं.

आजी

मंगळवार, ११ मार्च

सूनबाई,

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर तीन शब्द. "त्याला विचारलंत का?"

मला राग आला. खोटं कशाला लिहू. जिन्यात उभी राहून मी तुला मनातल्या मनात बरंच बोलले. लॅबने सांगितलं, यंत्राने सांगितलं, आता आणखी काय विचारायचं. कार्ड पर्समध्ये टाकलं आणि दोन दिवस ते तिथेच राहू दिलं.

मग विचारलं. दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना एक्स-रेला नेलं होतं, आम्ही दोघंच होतो. ताप गेलाय, चेहऱ्यावर जरा तजेला आलाय, दाढी केली होती. मी म्हटलं, तू घेतलीस का रे मधे?

तो खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकदा. दाढ फार दुखत होती तेव्हा. तू दुकानात गेली होतीस."

कुणाकडून आणली, ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, आणि परत नाही गेलो तिथे, असंही सांगितलं. हे खरं की खोटं मला कळत नाही. पूर्वी तो खोटं बोलायचा तेव्हा सरळ माझ्या डोळ्यांत बघायचा. या वेळी बघितलं नाही, म्हणून मला खरं वाटतंय. आईचं शास्त्र हे एवढंच.

तरी मी आशा सोडली नाही. खाली लॅबच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना म्हटलं, एकदा घेतली असली तरी जंतू दाताचाच आहे ना, मग सुईचा काय संबंध. त्यांनी मला बाकावर बसवलं. म्हणाल्या, काही जण सुई टोचण्याआधी जिभेने ओली करतात. तोंडातला जंतू तसाही रक्तात जातो. तुटलेल्या दाढेतून नुसतं चावतानाही जातो.

मी विचारलं, मग या दोन्हीतलं कुठलं?

"जंतू कोणता ते मी सांगू शकते, आजी. कशाने मरेल तेही सांगू शकते. तो कुठल्या वाटेने आला, ते माझं यंत्र सांगत नाही."

मी वर येऊन त्याला विचारलं, सुई ओली केली होतीस का. म्हणाला, आठवत नाही, बहुतेक केली असेल, सवय होती.

हे मी तुला लिहिणार नव्हते. दोन कागद फाडले. दाताचं तुला आधीच लिहून झालं होतं, ते तसंच राहू दिलं असतं तर तू कदाचित ठकीला घेऊन आलीही असतीस. पण तू तीनच शब्द लिहिलेस आणि ते बरोबर होते. त्याच्या सांगण्यावरून तू किती वेळा फसलीस ते मी त्याच घरात बसून बघितलंय. आता माझ्या सांगण्यावरून फसू नयेस.

दुसरी गोष्ट. रक्त पुन्हा तपासलं, जंतू नाहीत. औषध चालतंय. पण जंतूंनी जाताना झडप कुरतडून ठेवलीय. रक्त उलटं फिरतंय, रात्री झोपताना उशा वाढवाव्या लागतात. ऑपरेशन करावं लागेल, लवकर. सर्जन शुक्रवारी बघून ठरवणार आहेत. असल्या रोग्यांना ते सहज हो म्हणत नाहीत, असं सिस्टरच्या बोलण्यात आलं. पुन्हा सुई घेतली की नवी झडपही जाते, आणि मग कुणाचे हात चालत नाहीत.

सर्जनला मी काय सांगावं, असं तू विचारशील. त्यांच्या फाईलवर "दात" असं लिहिलंय. ते तसंच असू द्यावं असं मला वाटतं. तुला खरं सांगितलं म्हणून सगळ्यांना सांगितलंच पाहिजे असं नाही. मी दमलेय, सूनबाई. मला त्याची झडप दुरुस्त होऊन हवी आहे, बाकीचं मागाहून बघू.

आजी

रविवार, १६ मार्च

सूनबाई,

थोडक्यात लिहिते. त्याने स्वतःच सांगितलं.

सर्जन आले ते उभ्यानेच बोलत होते, फाईल चाळत. उंच, केस अर्धे गेलेले, आवाज बसलेला. तुटलेली दाढ आहे तर आधी ती काढून घेऊ, मग ऑपरेशन, असं म्हणाले. मी मान डोलावली. तेवढ्यात हा म्हणाला, "डॉक्टर, दाढ आहे ते खरं. पण थंडीत मी एकदा सुई पण घेतली होती."

मला हातातली पिशवी कुठे ठेवावी ते सुचेना.

सर्जनने फाईल मिटली आणि स्टूल ओढून बसले. आता का सांगतोयस, म्हणून विचारलं. तो म्हणाला, लिफ्टची तक्रार करताना लोक अर्धंच सांगतात, आणि आम्ही भलताच भाग उघडून बसतो. सर्जन हसले नाहीत. बराच वेळ प्रश्न विचारत राहिले: कधी सोडली होती, कशाने, तेव्हा घरी कोण होतं, आता कोण आहे. शेवटच्या प्रश्नाला तो माझ्याकडे बघून म्हणाला, आई. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

त्यांनी तिथे काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या डॉक्टर येऊन त्याच्याशी बोलून गेल्या. शनिवारी सकाळी दाढ काढली. आणि दुपारी निरोप आला, मंगळवारी ऑपरेशन. त्यांनी का हो म्हटलं, ते मला माहीत नाही. विचारायची हिंमतही नाही. न जाणो, विचारल्यावर त्यांचा विचार बदलायचा.

तुला यायला सांगत नाही. कळवलं फक्त.

आजी

शुक्रवार, २८ मार्च

सूनबाई,

तुझ्या बहिणीने निरोप दिला असेलच. ऑपरेशन निभावलं.

झडप बदलावी लागली नाही, आहे तीच शिवून घेतली. हे ऐकल्यावर चिरंजीव नळ्यांच्या गुंत्यातून म्हणाले, अख्खा पार्ट बदलण्यापेक्षा दुरुस्ती कधीही बरी. तेव्हा मला कळलं की हा जगणार.

दुखतं फार. छातीचं हाड कापलेलं. दुखण्याचं औषध सिस्टर मोजून देते आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहते. तसं त्यानेच सांगून ठेवलंय. पहिल्या चार-पाच दिवसांत तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मी त्याची पाठ बघत बसायचे.

झडपेचा काढलेला कण लॅबमध्ये गेला होता. तिथेही तेच वेगवान यंत्र. बाई सांगायला आल्या: जंतूच्या खुणा सापडल्या, तोच आहे, दुसरा कुणी नाही. पण ताटलीत काही उगवलं नाही. म्हणजे मेलेले आहेत. म्हणजे औषध नेमकं लागलं. हे सांगताना त्या खुर्चीवर बसल्या. बसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. त्यांचेही डोळे ओढलेले होते. अशा किती बाटल्या रोज ओरडत असतील.

आता पुढचं. औषध अजून काही आठवडे चालायला हवं. इतर रोग्यांना दंडात बारीक नळी बसवून घरी पाठवतात, नर्स घरी येऊन त्यातून औषध देते. हृदयाचे डॉक्टर आमच्यासमोर तेच बोलायला लागले आणि मधेच थांबले. का थांबले ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मी खाली फरशीकडे बघत होते. मनात म्हणत होते, आता हा चिडेल, मला चोर समजता का म्हणेल, आणि इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात जाईल.

तो म्हणाला, "मला नळी घालून घरी पाठवू नका. आज मला वाटतं काही करणार नाही. पण ती नळी चोवीस तास दंडात असेल, आणि मी रोज आजच्यासारखा नसतो."

सूनबाई, तुझ्या लग्नापासून मी त्याची किती वचनं ऐकली. तू माझ्याहून जास्त ऐकलीस. यापुढे कधीच नाही, देवाशपथ, ठकीची शपथ. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. त्याने कसलं वचन दिलं नाही, म्हणून मला धीर आला.

डॉक्टरांनी लॅबला फोन लावला. जंतू अमुक गोळ्यांना मरतो का, हे बाईंनी पहिल्याच आठवड्यात तपासून ठेवलं होतं. मरतो. मग दोन प्रकारच्या गोळ्या सुरू करून, त्या रक्तात पुरेशा उतरतात का तेही बघितलं. उतरतात. तेव्हा नळी नाही. गोळ्या, आणि दर आठवड्याला तपासणी. गोळ्या माझ्या ताब्यात.

पुढच्या आठवड्यात सोडतील. माझ्याकडेच राहील.

आजी

गुरुवार, ३ एप्रिल

सूनबाई,

काल तू आलीस. दारात मी तुला ओळखलं नाही आधी, केस कापलेस म्हणून. ठकी केवढी उंच झाली. आजीला मिठी मारावी की नको असं तिचं चाललं होतं आणि मग तिने माझी पिशवी धरली. तेवढं पुष्कळ झालं.

तुमचं बोलणं चाललं होतं तेव्हा मी बाहेर जायला हवं होतं. पाय निघाला नाही. म्हणून सगळं ऐकलं, ते तुला माहीत असावं.

तू त्याला विचारलंस, आणि त्याने सांगितलं. सुईचं, दाढेचं, नळीचं. माझ्या पत्रात जे होतं तेच, पण तुला ते त्याच्या तोंडून हवं होतं. ठकी खिडकीशी बसून बिछाना वर-खाली करायचं बटण दाबत होती, आणि तो बोलता बोलता हळूहळू वर जात होता. एरवी मी हसले असते.

मग तू म्हणालीस, "ठकीला दर पंधरा दिवसांनी आणीन. तू नीट असशील तर. पण मी परत येणार नाही. माझ्याकडून ते होणार नाही."

खरं सांगते, मी तुझ्या तोंडून दुसरं काही निघेल म्हणून थांबले होते. त्यासाठीच तर पहिलं पत्र टाकलं होतं. आजार, ताप, लॅब, सगळं लिहिताना आत कुठेतरी मोजत होते की आता तरी हिचं मन वळेल. त्याने खरं बोलून दाखवलं, मरता मरता वाचला, एवढं झाल्यावर तू येशील असं मला वाटलं होतं. जणू तू आमचं काही देणं लागत होतीस.

तू गेल्यावर तो रडला नाही. ठकीने बिछाना अर्धा वर ठेवून दिला होता, तसाच बसून राहिला. मी खाली करू का विचारलं तर नको म्हणाला. मग म्हणाला, आई, ती गोड बोलून गेली असती तर मी परत तिच्यासाठी बरा व्हायला लागलो असतो. आधी दोनदा तसाच झालो होतो.

सिस्टर गोळ्या घेऊन आली, त्याने हात पुढे केला.

तुला सांगायला हवं ते एवढंच आहे, आणि ते समोर बोलायला मला जमलं नाही. तू बरोबर केलंस. मी सासू आहे, त्याची आई आहे, तरी सांगते. तुझ्या जागी माझी मुलगी असती तर तिला मी हेच सांगितलं असतं, आणि तिने ऐकलं नसतं तर तिच्याशी भांडले असते. तू घर सोडलंस तेव्हा तुझ्याशी भांडले ते उलट्या बाजूने.

उद्या त्याला सोडतायत. मेकॅनिक मित्र गाडी घेऊन येणार आहे. आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, तेव्हा चढताना मी दुसऱ्या बाजूने चालेन. प्रत्येक मजल्यावर थांबू.

उत्तर पाठवायची गरज नाही. ठकीला आणशील तेव्हा दाराशी बेल वाजव, तू वर आली नाहीस तरी चालेल. मी खाली येईन.

आता जरा पडते.

आजी